तुम्ही विचारलंत म्हणून

"मुंबईवर बॉम्ब पडलाच नाही, मग १९७१ चं युद्ध तुम्ही बघितलं कुठे?" नातवापासून व्याह्यांपर्यंत सगळ्यांनी विचारून झालंय. आता एकदाच सांगतो.

बॉम्ब नव्हता, अंधार होता. ३ डिसेंबरला लढाई पेटली तेव्हा मी दहा वर्षांचा, लालबागच्या चाळीत. खिडक्यांना खळीने काळे कागद चिकटवलेले. आम्ही गिरणीच्या भोंग्यावर उठणारी माणसं. आता वरखाली होत वाजणारा भोंगा म्हणजे धोका, सलग वाजला की धोका टळला. पहिल्यांदा तो झाला तेव्हा आई सवयीने वडिलांचा डबा भरायला उठली होती.

मोठ्या पोरांनी मला शिटी दिली आणि दुसरा मजला नेमून दिला. उजेड दिसला की वाजवायची. मला ते फार आवडायचं, खोटं कशाला बोलू.

९ डिसेंबरला दीवजवळ आपली युद्धनौका 'खुकरी' बुडाली. ती बातमी चाळीत आली त्या रात्री कोपऱ्यातल्या खोलीच्या दाराखाली पिवळी रेघ दिसली. आत आजी दम्याने बेजार आजोबांच्या छातीला तेल चोळत होत्या, चिमणी पाटाआड ठेवून. "ह्यांचा जीव घाबरतो रे अंधारात. थोडा वेळ राहू दे." मी शिटी वाजवली. पुन्हा वाजवली. खालून कुणी ओरडलं, "सगळ्यांना मारताय का?" आजींनी चिमणी फुंकली. विझल्या वातीचा वास बाहेर आला, मग आजोबांचा आवाज. "अगं, कुठे आहेस?" "इथेच आहे." पुन्हा, "कुठे आहेस?" बराच वेळ.

सकाळी आजोबा गेलेले.

दम्याने गेले, डॉक्टरांनीही तेच सांगितलं. दिवा असता तरी गेले असते. नियम मी केला नव्हता. दहा वर्षांच्या पोराने दुसरं काय करायचं? पण ती रेघ बोटभरही रुंद नव्हती, विमानातून दिसणार नव्हती, आणि हे मला तेव्हाही कळत होतं. शिटी हातात होती म्हणून वाजवली. तो पोरगा मात्र हे मानत नाही. म्हणतो, खुकरी बुडाल्यावर चाळ कशी गप्प झाली होती ते विसरलास.

१६ तारखेला ढाक्यात शरणागती झाली. चाळीत पेढे वाटले. कोपऱ्यातल्या खोलीत सुतक होतं, तिथे पेढा गेला नाही. पुढे कागद खरवडायचे दिवस आले तेव्हा मी पाण्याची बादली घेऊन त्यांच्या दारात उभा राहिलो. आजींनी बादली घेतली. म्हणाल्या, "तू जा. मी काढते."