क्लास फोरचा रस्ता

घर ऑगस्टमध्ये घेतलं. दोन्ही बाजूंना मेपलची गर्द झाडी, मधून कच्चा रस्ता. एजंट म्हणाला, "शेवटचा पाव मैल क्लास फोर आहे." क्लास फोर म्हटल्यावर मला आपले सरकारी शिपाईच आठवले. मी मान डोलावली.

इथे अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात ही वर्गवारी रस्त्यांना आहे. क्लास फोर म्हणजे हिवाळ्यात ज्याचा बर्फ काढायला टाउन, म्हणजे गावचा कारभार, बांधील नाही तो. डिसेंबरात पहिला मोठा बर्फ पडला, प्लाव, म्हणजे बर्फ काढणारा फाळवाला ट्रक, आमच्या फाट्यापर्यंत आला, वळला आणि निघून गेला.

बाबा सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेत. फोनवर म्हणाले, "रस्ता राखणार नाही असं लेखी देतात? आम्ही कधी लेखी दिलं नाही हो."

बरं, नाही काढत तर नाही, आपण पैसे देऊन काढून घेऊ. पिकअपला फाळ लावून अंगणं साफ करणारा एक जण गाठला. त्याने पहिला प्रश्न विचारला, "परवानगी आहे?" स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या घराकडे जाणारा बर्फ काढायला परवानगी! आणि कशासाठी, तर हिवाळ्यात हा पाव मैल स्नोमोबिलवाल्यांची, म्हणजे बर्फावर पळणाऱ्या मोटारगाड्या हौसेने फिरवणाऱ्यांची, वाट आहे म्हणून. प्लाव फिरलेल्या सार्वजनिक रस्त्यावर सहसा स्नोमोबिल चालवता येत नाही, टाउनने तो मुद्दाम खुला करून पाटी लावली तरच. म्हणजे मी बर्फ काढला की त्यांची वाट तुटते. माझी गाडी अडली तर चालेल, त्यांची मजा अडता कामा नये! आठवडाभर मी भेटेल त्याला हे ऐकवत होते. पहाटे सव्वापाचला फाट्यावर गाडी लावून, गुडघाभर बर्फातून, डोक्याला टॉर्च बांधून चालत या, मग मला समजूतदारपणा शिकवा.

अर्ज सिलेक्टबोर्डापुढे गेला. सिलेक्टबोर्ड म्हणजे आपली ग्रामपंचायतच, फक्त चहा नाही. पाव मैलावर चाळीस मिनिटं चर्चा. एक आजोबा सांगत होते की त्यांच्या आजोबांच्या काळी बर्फ काढायचेच नाहीत. घोडे जुंपलेला मोठा लाकडी रोलर फिरवून दाबून बसवायचे, कारण स्लेजला बर्फच हवा. छपराच्या लाकडी पुलांवर तर बाहेरून बर्फ आणून पसरायचे. मला हसू आलं, पण खोली गंभीर होती. शेवटी परवानगी मिळाली. अट अशी की खडीपर्यंत खरवडायचं नाही, चार इंच थर ठेवायचा. स्नोमोबिलना खुला रस्ता म्हणून पाटीही लागली.

इथले लोक कौतुकाने सांगतात की स्मगलर्स नॉचचा घाट हिवाळाभर गाड्यांना बंद असतो आणि माणसं भर रस्त्यातून स्की करतात, कुत्री फिरवतात. छानच आहे. आपल्याकडे पावसाळ्यात धबधब्यांवर उलट माणसांनाच बंदी. पण अख्ख्या राज्याची वस्ती साडेसहा लाखांच्या आत आहे हो! भुशी डॅमची एका रविवारची गर्दी इथे आणून सोडा, मग बघू यांच्या पाट्या. आणि रस्ता आनंदासाठी अडवणं आपण यांच्याकडून शिकायला नको, आपल्याकडे दहा दिवस मांडव असतो. त्यालाही परवानगी लागते. ती मांडव घातल्यावर काढतात, तो भाग वेगळा.

एक मात्र कबूल करते. या स्नोमोबिलच्या वाटा स्वयंसेवक सांभाळतात. त्यांची संघटना १९६७ पासूनची, बऱ्याचशा वाटा लोकांच्या खासगी जमिनीतून जातात, आणि जमीनवाले त्याचे पैसे घेत नाहीत. आमच्या सोसायटीत पाहुण्याच्या स्कूटरवरून झालेली भांडणं मी पाहिली आहेत.

फेब्रुवारीत गाडी फाट्यावरच रुतली. मागे आठवड्याचा किराणा, दहा किलो तांदळाची गोणीसुद्धा. दोन स्नोमोबिल थांबल्या. हेल्मेटमुळे चेहरे दिसले नाहीत. एकाने मागच्या घसरगाडीवर गोणी आडवी टाकली, दोरीने आवळली, दारात आणून ठेवली आणि मी आभार मानेपर्यंत गेलासुद्धा. गोणीवर बर्फाचा बारीक भुगा बसला होता.

परवानगी दरवर्षी नव्याने घ्यावी लागते. यंदाचा अर्ज टेबलावर पडलाय. नवरा विचारतो, या वेळी दोन इंच थर मागूया का? मी चारच लिहिलंय. टायरही आता चांगले घेतलेत म्हणून, दुसरं काही नाही.