आधी गाय, मग वळू

गेल्या चैत्रात रात्री दीड वाजता भोरकडच्या एका वाडीतून मावशींचा फोन आला. "डॉक्टर, पाय दिसत्यात, पन वासरू सरकंना." मी कृत्रिम रेतन करणारा, गोठ्यात मात्र सगळे डॉक्टरच म्हणतात. पशुवैद्यकांना निघायला सांगितलं. ते तासाभराच्या अंतरावर होते.

गाय पहिलारू, गावठी, अंगानं लहान. वासराचे पुढचे पाय बाहेर, डोकं मागं वळलेलं. खांद्यापर्यंत साबण लावून, कळ ओसरली की वासरू आत ढकलायचं, जबड्यात बोटं अडकवून तोंड सरळ करायचं. दोरी खुरांच्या वरच्या सांध्यामागं बांधली. कळ आली की ओढ, थांबली की थांब. तेही सरळ नाही, खाली कासेच्या दिशेनं. डॉक्टर आल्यावर दोघांनी सोडवलं. काळीपांढरी कालवड होती, मेलेली. गाय वाचली.

कांडी, म्हणजे वळूच्या गोठवलेल्या रेताची बारीक नळी, मीच भरली होती. मावशींना शेजाऱ्यासारखी एचएफच, म्हणजे थोराड अंगाची, भरपूर दुधाची होल्स्टीन फ्रिजियनच हवी होती. जर्सी घालू, तिची वासरं लहान असतात, असं मी एकदाच म्हणालो आणि गप्प बसलो. वळूच्या आईचं दूध किती, हे सगळे विचारतात. त्याची वासरं केवढी होतात, हे कुणी विचारत नाही, आणि आम्हीही आपणहून सांगत नाही.

मी हे काम उरुळी कांचनला शिकलो. गांधीजी 1946 साली तिथं आले, निसर्गोपचार आश्रम सुरू झाला आणि सुरतेकडचे तरुण मणिभाई देसाई तिथलेच होऊन राहिले. त्यांनी गीर गाई सांभाळल्या, 1967 साली बाएफ ही संस्था उभी केली. गरिबाच्या दावणीची गाय दारातच भरवायची, संकरातून तिचं दूध वाढवायचं, हे काम त्यांनी उभं केलं. 1982 साली त्यांना मॅगसेसे मिळालं. आम्हाला पहिला धडा होता, आधी गाय बघ, मग वळू. कंटेनरमधल्या उणे 196 अंशांच्या द्रव नायट्रोजनमधून कांडी काढून 37 अंशांच्या पाण्यात तीस सेकंद धरणं माझं कधी चुकलं नाही. चुकला तो पहिला धडा.

परवा सकाळी पुन्हा फोन. गाय रात्रीपासून हंबरत होती, काचेसारखा सोट लोंबत होता. म्हणजे गाय माजावर, भरवायची वेळ बरोबर. "तुमच्या मनानं घाला," मावशी म्हणाल्या. मी आधी गाईच्या छातीला टेप लावला, आकडा त्यांना वाचून दाखवला, जर्सी का ते पूर्ण सांगितलं आणि मगच कंटेनरचं झाकण काढलं.

मावशी मान हलवत होत्या. त्यांचा हात गाईच्या पाठीवर होता.