आमची वाटचाल : ठशापासून पुढे

पिट्सबर्गच्या परिसरात आमचा छोटासा व्यवसाय आहे. जुने अमेरिकन घडीचे चाकू विकत घ्यायचे, नेमके कोणते ते ओळखायचे, नोंद करायची आणि संग्राहकांना विकायचे. माल बहुतेक वेळा घरसामानाच्या लिलावातून येतो. सिगारच्या डब्यात, खिळ्यांच्या बरणीत, हत्यारपेटीच्या तळाशी पडलेले चाकू असतात ते. हा भागच या धंद्याचा आहे. उत्तरेला ब्रॅडफर्डमध्ये ‘केस’ या चाकू कंपनीचा कारखाना आजही चालतो, टायटसव्हिलला २०१८पर्यंत ‘क्वीन’ कंपनीचा होता, आणि राज्याची हद्द ओलांडली की न्यूयॉर्कमधलं ओलियन लागतं, ‘का-बार’ या चाकू कंपनीचं जुनं गाव.

सुरुवातीला आमचा सगळा भर ठशावर होता. पात्याचं मुठीला जोडलेलं, बिनधारेचं बूड असतं, त्याला टँग म्हणतात. कंपनीचा ठसा त्यावरच असतो. या बाबतीत केसचे चाकू शिकायला सगळ्यात चांगले, कारण त्यांचे ठसे काळानुसार बदलत गेले. ‘केस टेस्टेड एक्सएक्स’ असेल तर १९२० ते १९४०. नुसतं ‘केस एक्सएक्स’ असेल तर १९४० ते १९६४. त्याखाली ‘यू.एस.ए.’ आलं तर १९६५ ते १९६९. १९७०मध्ये ठशाखाली दहा टिंबं आली आणि दरवर्षी एक कमी होत १९७९मध्ये एकच उरलं. १९८०मध्ये पुन्हा दहापासून सुरुवात झाली, पण त्या वेळी ‘एस’ हे अक्षर विजेसारखं लांब, तिरकं झालं. म्हणून दहा टिंबं दिसली की आधी ‘एस’ पाहायचा, मग साल लिहायचं. ही टिंबं बारीक असतात, घाणीने भरतात. मऊ ब्रश आणि खनिज तेलाने टँग साफ केल्याशिवाय आम्ही टिंबं मोजत नाही.

टँगच्या मागच्या बाजूला केसचा नमुना क्रमांक असतो. ६२५४ घ्या. ६ म्हणजे मुठीचं साहित्य, २ म्हणजे पाती दोन, ५४ म्हणजे कारखान्याचा नमुना, इथे ‘ट्रॅपर’ नावाचा. मिटलेला ट्रॅपर ४ १/८ इंच भरतो. ५ने सुरू होणारा क्रमांक सांबरशिंगाचा, ३ पिवळ्या कृत्रिम मुठीचा. नवे संग्राहक हमखास अडकतात ते ६ला. ६ म्हणजे हाड असं ते धरून चालतात. पण चाळीसच्या दशकातली ‘रफ ब्लॅक’ कृत्रिम मूठ आणि पुढे हाडासारखं दिसणारं डेलरिन प्लास्टिक हेही ६खालीच येतं. किमतीत मात्र मोठा फरक पडतो.

रेमिंग्टन या दुसऱ्या अमेरिकन कंपनीने १९२० ते १९४० या काळात चाकू बनवले. त्यांची पद्धत उलटी आहे, मुठीचं साहित्य शेवटच्या आकड्यात असतं. आर ११२३मधला ३ म्हणजे हाड, आर ११२८मधला ८ म्हणजे कोकोबोलो लाकूड, ६ म्हणजे सांबरशिंग, ४ म्हणजे शिंपला, ५ म्हणजे सेल्युलॉइड, हे जुन्या काळचं प्लास्टिक. मुठीवर बंदुकीच्या गोळीच्या आकाराचं पदक असलेले ‘बुलेट’ चाकू सगळ्यात जास्त मागणीचे. पण आर ११२३ ही प्रत १९८२मध्ये कंपनीच्याच नावाने पुन्हा निघाली आणि नंतर दरवर्षी एकेक नमुना येत गेला. हे चाकू खोटे नव्हेत, त्यांचेही संग्राहक आहेत. फक्त ते जुने म्हणून विकता कामा नयेत. श्रेड या तिसऱ्या कंपनीबाबत आम्ही ठशाचे तीन टप्पे लक्षात ठेवतो. ‘श्रेड कट कंपनी’ १९४६पर्यंत, त्यानंतर ‘श्रेड-वॉल्डन’, आणि सत्तरच्या दशकापासून २००४मध्ये एलनव्हिलचा कारखाना बंद होईपर्यंत नुसतं ‘श्रेड’ आणि ‘यू.एस.ए.’. हे नाव पुढे चीनमध्ये बनलेल्या चाकूंवरही आलं, तेव्हा ‘यू.एस.ए.’ आहे की नाही ते आधी बघावं.

धंदा वाढला तसं एक पक्कं झालं. ठसा हा चाकूचा एक भाग आहे, चाकू नव्हे. पातं बदलता येतं, ठसा नव्याने मारता येतो, मूठ दुसऱ्या चाकूची लावता येते. म्हणून आमच्या नोंदपत्रकात ठशाचा रकाना आता पहिला नसतो. आधी चाकू मिटलेला ठेवून बोल्स्टरपासून (मुठीच्या टोकावरचा धातूचा तुकडा) बोल्स्टरपर्यंत, एक षोडशांश इंचापर्यंत मोजायचा. मग पिना, मग मूठ, मग पाती, आणि शेवटी ठसा. या क्रमाने गेलं की ठसा वाचण्याआधीच चाकूचा काळ साधारण ठरलेला असतो, आणि ठसा त्या अंदाजाशी जुळतो की नाही एवढंच पाहायचं उरतं. हा क्रम आम्ही कधीच मोडत नाही.

मध्यंतरी एका खोक्यात ‘टेस्टेड’ ठशाचा ६२५४ आला. या ठशातला ट्रॅपर फार दुर्मीळ, म्हणूनच त्याच्या नकलाही पुष्कळ. व्हर्नियरने दोन्ही पात्यांच्या टँगची जाडी मोजली. एका पात्याचा टँग दुसऱ्यापेक्षा पातळ निघाला. पातं थोडं उघडून दिव्यासमोर धरल्यावर टँग आणि पितळी अस्तर (मुठीच्या आतला पत्रा) यांच्यामधून उजेड दिसत होता. जुना ठसा घासून काढला की असंच होतं. मग दहापट भिंगाखाली अक्षरं पाहिली. कारखान्यात ठसा मारतात तेव्हा पोलाद मऊ असतं, कडक करण्याची पायरी नंतर येते. त्यामुळे अस्सल अक्षरांच्या कडा तीक्ष्ण आणि तळ गुळगुळीत असतो. आम्लाने कोरलेली अक्षरं उथळ असतात आणि त्यांचा तळ खरखरीत दिसतो. या चाकूची अक्षरं तशीच होती. शिवाय मूठ तर आधीच डेलरिनची निघाली होती. डेलरिन बाजारात आलं १९६०मध्ये, ‘टेस्टेड’ ठसा बंद झाला १९४०मध्ये. तो चाकू आम्ही सुट्या भागांच्या किमतीला नोंदवला आणि वर्णनात प्रत्येक गोष्ट लिहिली.

पण न जुळणारं सगळंच खोटं नसतं. १९६४-६५च्या सुमाराला कारखान्यात जुनी पाती शिल्लक होती, म्हणून एका पात्यावर ‘एक्सएक्स’ आणि दुसऱ्यावर ‘यू.एस.ए.’ असे अस्सल चाकूही मिळतात. तिथे दोन्ही पात्यांची झिलई, गंजाचा रंग आणि स्प्रिंगचा जोर एकसारखा आहे का, ते बघावं लागतं.

पात्याची झीज मोजणं हे किंमत ठरवण्याचं मुख्य काम. नखाने पातं उघडण्यासाठी असलेल्या खाचेपासून धारेपर्यंतचं अंतर कमी झालं असेल, तर पात्याला फार वेळा धार लावली गेली आहे. साधारण दहा टक्क्यांपर्यंत झीज असेल तर ‘एक्सलंट’, पंचवीस टक्क्यांपर्यंत ‘व्हेरी गुड’, निम्मं गेलं असेल तर ‘फेअर’. ‘मिंट’ म्हणजे न वापरलेला, धार न लावलेला. टोक मोडलेलं पातं पुन्हा टोकदार करतात तेव्हा मिटल्यावर टोक अस्तराच्या वर डोकावतं. ते लपवायला काही जण टँगखालचा उंचवटा घासतात. मग पातं खाली बसतं खरं, पण मिटताना धार स्प्रिंगवर आपटते आणि धारेत एक सपाट बोथट जागा पडते. नखावर धार हलकेच फिरवली की ती जागा लगेच कळते. बोल्स्टरची पिनही बघावी. अस्सल कामात ती घासून बोल्स्टरशी एकजीव केलेली असते, दिसत नाही. स्पष्ट गोल दिसला तर ढिलं पातं घट्ट करायला कोणीतरी हातोडी चालवलेली असण्याची शक्यता असते.

मुठीच्या ओळखीवर आमचा सगळ्यात जास्त वेळ जातो आणि तो जायलाच हवा. हाडाच्या कापलेल्या कडेवर भिंगाखाली बारीक छिद्रं आणि गडद रेघा दिसतात. त्या रक्तवाहिन्यांच्या जागा. प्लास्टिकमध्ये त्या नसतात. तापलेली सुई टोचून पाहू नका. मुठीवर कायमचा डाग राहतो, आणि सेल्युलॉइड असेल तर पेट घेऊ शकतं. सेल्युलॉइडसाठी मूठ अंगठ्याने जोरात चोळून वास घ्यावा, कापराचा वास येतो.

हेच सेल्युलॉइड संग्रहाचा शत्रू आहे. जुनं झालं की त्यातून नायट्रोजनचे आम्लकारक वायू सुटतात. आधी त्याच चाकूची पाती हिरवट-तपकिरी गंजतात, मग शेजारच्या चाकूंची. पिवळ्या, पारदर्शक मुठी जास्त धोक्याच्या. त्यामुळे आमच्याकडे सेल्युलॉइडचे चाकू हवा खेळती असलेल्या वेगळ्या कपाटात असतात, बंद डब्यात कधीच नाही. चामड्याच्या म्यानात कोणताही चाकू ठेवू नये. कातडं कमावण्याची रसायनं पितळ हिरवं करतात.

सांबरशिंगाचा धागा थेट आपल्याकडे येतो. जुन्या अमेरिकन चाकूंच्या खऱ्या शिंगाच्या मुठी मोठ्या प्रमाणावर भारतातून आलेल्या सांबराच्या शिंगांच्या. नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून भारतातून ही निर्यात बंद आहे. भारतात सांबराला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, म्हणून अशा मुठीचे चाकू आम्ही भारतात पाठवत नाही. हस्तिदंताच्या मुठीचा चाकू विकायला घेत नाही. १९५८च्या केंद्रीय कायद्यामुळे बटण दाबून उघडणारे चाकू राज्याबाहेर पाठवण्याचं कामही करत नाही.

साफसफाईबाबत आमचा नियम कडक आहे. राखाडी, निळसर झाक म्हणजे जुन्या कार्बन पोलादाचा पॅटिना, त्याला हात लावायचा नाही. लाल गंज मात्र थांबवावाच लागतो. तेलाचे दोन थेंब सोडून १९८२पूर्वीच्या तांब्याच्या सेंटच्या कडेने तो खरवडायचा. त्या नाण्यात ९५ टक्के तांबं असतं, पोलादापेक्षा मऊ, म्हणून पात्यावर चरे पडत नाहीत. फिरत्या चाकावर पॉलिश केलेला चाकू आरशासारखा चमकतो, पण ठशाच्या कडा गोल होतात, कारखान्याची मूळ झिलई जाते आणि किंमत निम्म्याहून खाली येऊ शकते.

आता बरेच मराठी वाचक अमेरिकेत घेतलेल्या जुन्या घरात सापडलेल्या चाकूंबद्दल आम्हाला विचारतात. आम्हाला सहा प्रकारचे फोटो लागतात. मिटलेला चाकू मोजपट्टीशेजारी, दोन्ही बाजूंनी. सगळी पाती उघडून. प्रत्येक टँगची पुढची आणि मागची बाजू जवळून, खिडकीच्या तिरप्या उजेडात. पाठीची स्प्रिंग वरून. मुठीची कड भिंगातून. आणि ती पाती मिटलेली असताना, टोकं कुठे बसतात ते दिसेल असा एक. फोटो काढण्याआधी काहीही घासू नका, तेलही लावू नका.