तोच उतारा, पुन्हा एकदा

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत स्नेहसंमेलनाबद्दल आणि खेळांबद्दल बाकीचे भरभरून लिहितीलच. मला लिहायचंय ते शाळा सुटल्यावर बाई माझ्याकडून करून घ्यायच्या त्या वाचनाबद्दल. आज मी वाचनात अडखळणाऱ्या मुलांना शिकवते, त्याचं मूळ तिथे आहे.

तिसरीत मला अक्षरं येत होती, पण वाचता येत नव्हतं. वर्गात ओळीने प्रकट वाचन सुरू झालं की पुढची मुलं मोजून आपल्या वाट्याला कोणता परिच्छेद येणार ते मी हेरायची आणि तेवढाच मनात घोकत बसायची. बाकीचा धडा कानावरून जायचा. अडखळणाऱ्या मुलाला या पद्धतीचा काडीचा उपयोग होत नाही, हे आता मी ठामपणे सांगू शकते. त्याच्या वाट्याला दोन-चार ओळी येतात, त्याही सगळ्यांच्या देखत.

बाईंनी वेगळंच केलं. छोटासा उतारा निवडायच्या. आधी स्वतः वाचायच्या, मी ओळीखालून बोट फिरवायचं. मग दोघींनी एकत्र वाचायचं. त्यांचा आवाज माझ्यापेक्षा किंचित पुढे असायचा आणि मला लय सापडली की तो हळूच बारीक व्हायचा. मी अडले तर क्षणभर थांबून त्या शब्द सरळ सांगून टाकायच्या. ‘ओळख बघू’ म्हणून ताटकळत ठेवायच्या नाहीत. वाक्य पुरं झालं की मात्र त्या शब्दाकडे परत यायच्या. ‘वर्ग’ मी ‘वग’ वाचायची. त्यांनी पाटीवर ‘व’, ‘र्’, ‘ग’ सुटं लिहून मोठ्याने म्हणायला लावलं आणि मग तो ‘र’ उडी मारून ‘ग’च्या डोक्यावर कसा बसतो ते दाखवलं. आपल्या लिपीतल्या अशाच जागा मुलांना छळतात. ‘कि’मध्ये वेलांटी आधी दिसते, पण उच्चार ‘क’चा आधी. ‘सूर्य’, ‘चंद्र’, ‘राष्ट्र’ यांत एकच ‘र’ तीन रूपांत येतो. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांचा घोळ तर रोजचाच.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच उतारा. तिसऱ्या दिवशीही तोच!

असं का, हे पुढे शिकताना उमगलं. १९७४ मध्ये लाबर्ज आणि सॅम्युएल्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी मांडलं, की आपलं लक्ष मर्यादित असतं. ते अक्षरं जुळवण्यातच संपलं तर अर्थासाठी काही उरत नाही. मग १९७९ मध्ये सॅम्युएल्स यांनी पुनर्वाचनाची पद्धत मांडली: ठरलेला वेग येईपर्यंत छोटा उतारा पुन्हा पुन्हा वाचायचा, मग पुढचा घ्यायचा. मुलं नवा उतारा आधीच्यापेक्षा जास्त वेगाने सुरू करत आणि त्याला आवर्तनंही कमी लागत.

पालक हमखास विचारतात, ‘अशाने ते पाठच होईल ना?’ शंका रास्त आहे. म्हणून मी उताऱ्यातले शब्द चिठ्ठ्यांवर लिहून उलटसुलट क्रमाने वाचायला देते. सुटा शब्द ओळखता आला तर ते वाचन, नाहीतर पाठांतर. नुसता वेगही कामाचा नाही. शब्द कुठे जोडून घ्यायचे, कुठे थांबायचं आणि प्रश्नाला आवाज कसा चढतो, हे कानाला कळलं पाहिजे. घडाघडा वाचून गोष्ट सांगता न येणारी मुलं मी पाहिली आहेत.

पुनर्वाचन सगळ्यांना सरसकट लागू पडत नाही. ज्याला अक्षर आणि आवाज यांची सांगडच घालता येत नाही, त्याच्यासाठी आधी शब्दातले आवाज सुटे करणं, टाळी वाजवत शब्दाचे उच्चारातले तुकडे पाडणं, अक्षर बोटाने गिरवत मोठ्याने म्हणणं, हे धीराने करावं लागतं. डिस्लेक्सियाची, म्हणजे वाचन शिकण्यातच मुळात अडचण असलेली, मुलं बऱ्याचदा इथे अडतात. त्यांना आळशी किंवा ‘ढ’ म्हटलेलं ऐकलं की माझा संताप होतो. त्यांच्या बुद्धीचा यात काही दोष नसतो. डोळे तपासून घ्यावेत, पण डिस्लेक्सिया चष्म्याने जात नाही.

महोत्सवी वर्षात शाळेने वाचनस्पर्धा जरूर घ्यावी. त्याआधी एक खोली, दोन खुर्च्या आणि शाळा सुटल्यावर रोज वीस मिनिटं शेजारी बसणारं एक मोठं माणूस, एवढी सोय अडखळणाऱ्या मुलांसाठी करावी, ही माझी कळकळीची विनंती. शिकवायला मी येईन.