भिया, टेढ़ी लो!

स्पोर्ट्स गाड्या बघायला इंदूरला जातेय म्हटल्यावर ऑफिसातल्या प्रत्येकाने मला सराफ्यात, म्हणजे तिथल्या रात्रीच्या खाऊबाजारात, काय खायचं त्याची यादी दिली. गाड्यांचं कुणी कानावरच घेतलं नाही. अवंतिका एक्स्प्रेसने सकाळी उतरून लोकमान्य नगरात मावशीकडे पोचले, तर तिथेही तीच गत. पुढ्यात पोहे, वर शेव आणि जिरावण मसाला, शेजारी जिलबी. उद्या पहाटे सुपर कॉरिडॉरवर गाड्या बघायला जायचंय असं सलीलने जाहीर केलं तेव्हा मावशीचा एकच प्रश्न, "उपाशीपोटी?"

सलील माझा मावसभाऊ. घराण्यात गाड्यांचं वेड असलेले आम्ही दोघंच, त्यामुळे आमचं पटतं आणि अजिबात पटत नाही. त्याच्या फोनमध्ये गाण्यांपेक्षा सायलेन्सरचे आवाज जास्त. जेवताना एकेक वाजवून विचारतो, "ओळख ताई." व्ही-8चा, म्हणजे आठ सिलिंडरांच्या इंजिनाचा, घोगरा गुरगुराट मी झोपेतही ओळखीन. पोर्शेच्या आडव्या सहा सिलिंडरांचाही पटकन कळतो. वांधा होतो तो व्ही-10पाशी. लॅम्बोर्गिनी हुराकान आणि ऑडी आर-8 या दोघींत मुळात एकच 5.2 लिटरचं इंजिन, टर्बोशिवायचं. सलीलच्या मते तरीही लॅम्बोचा आवाज जातिवंत. माझ्या मते फरक सायलेन्सरचा, आणि वरचे पैसे लॅम्बोच्या बैलाच्या बिल्ल्याचे. आता दोन्ही कंपन्यांनी त्या गाड्या बंद केल्या, हुराकानच्या जागी आलेल्या टेमेरारिओत तर टर्बोवाला व्ही-8 आणि सोबत विजेच्या मोटरी आहेत. म्हणजे आमच्या भांडणाचा विषयच संपला, पण भांडण चालू आहे. मावशी म्हणाली, "दोन्ही बंद करा, वरण गार होतंय."

सुपर कॉरिडॉरने निराशा केली. विमानतळाच्या बाजूचा हा ऐसपैस रस्ता, वरून 2025पासून मेट्रो धावते, आणि रविवारी पहाटे इथे 'सगळ्या' गाड्या येतात अशी सलीलची खात्रीची माहिती. नोव्हेंबरअखेरची थंडी, माझ्याकडे शाल नाही, आणि आले कोण? चट्ट्यापट्ट्यांच्या कपड्यांतले सायकलवाले, ड्रायव्हिंग स्कूलची एक गाडी आणि अखेर एक पांढरी मस्टँग. फोर्डने ती 2016मध्ये भारतात आणली होती, 5 लिटरच्या व्ही-8सकट. मालक भला माणूस. आम्हाला टकमक बघताना पाहून थांबला, न मागता बॉनेट उघडून दाखवलं, वर चहासाठी आग्रह. पुण्यात बॉनेट सोडा, काच खाली झाली नसती. तरी पहाटे पाचला उठून एकच गाडी दिसणं हा हिशेब मला अजून पटलेला नाही.

खरी मजा कुठे ते त्याच दिवशी संध्याकाळी कळलं, तेही अपघातानेच. विजय नगरच्या मागे एका स्कीममध्ये (इंदूरमध्ये वसाहतींना नावाऐवजी स्कीम नंबर चिकटतात) आम्ही भुट्टे खात उभे होतो. लग्नसराई, जवळच मॅरेज गार्डन, बँडचा आवाज. त्या गोंगाटातून सलीलने मान वर केली. "व्ही-10." मीही ऐकला. गल्लीच्या तोंडातून हिरवीगार हुराकान आली, एमपी 09 म्हणजे इंदूरचीच, आणि स्पीडब्रेकरपुढे थबकली.

आता हा स्पीडब्रेकर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाने गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच हवा, म्हणजे गाडी हळूच चढते आणि हळूच उतरते. हा रहिवाशांनी स्वतःच्या हिमतीवर घातलेला असणार. रुंदी वीतभर, उंची मनाला येईल तेवढी. हुराकानमध्ये बटण दाबलं की नाक थोडं वर उचलतं, ते त्या पोराने आधीच दाबलं होतं. पण पोट काही उचलत नाही. उपाय एकच, गाडी तिरपी घालायची, एकेक चाक चढवायचं. त्यासाठी जागा लागते, आणि जवळपास दोन मीटर रुंदीच्या गाडीच्या एका अंगाला बोलेरो उभी, दुसऱ्या अंगाला आमचा भुट्टेवाला.

मिनिटभरात वीस माणसं जमली. जिन्यातून गोदरेजचं कपाट उतरवताना चाळीतला प्रत्येक जण जसा तज्ज्ञ होतो, तसा प्रत्येक जण तज्ज्ञ झाला. "भिया, टेढ़ी लो, टेढ़ी!" "राइट काटो, पूरा राइट!" "रुको रुको रुको!" भुट्टेवाल्याने काही न बोलता निखाऱ्यांसकट गाडा मागे ओढला. मांडववाल्यांचा एक मुलगा फळी घेऊन धावत आला. ई-रिक्षावाल्याने आपली रिक्षा रस्त्यात तशीच सोडली, मोबाइलचा टॉर्च लावला आणि चक्क जमिनीला गाल टेकून गाडीखाली बघू लागला. "अभी दो उंगल है भिया, आने दो!" पाठीमागे हॉर्न वाजत होते ते वाजूच द्या.

गाडीची उंची जेमतेम 1 मीटर 16 सेंटिमीटर, त्यामुळे आतली माणसं आमच्या कमरेखाली. चालवणारा पोरगा घामाघूम. शेजारच्या सीटवर साफा बांधलेले एक वयस्कर गृहस्थ, मांडीवर मिठाईचा मोठा खोका, चेहरा असा की ही गाडी आपली नव्हेच. डावं पुढचं चाक फळीवर चढलं. सलील माझ्या दंडाला गच्च धरून, "पोट टेकणार, ताई, पोट टेकणार." उजवं चढलं. मग मागची दोन. टेकलं नाही. टाळ्या, शिट्ट्या. काच खाली झाली, साफेवाल्या गृहस्थांनी खोका उघडला आणि ई-रिक्षावाल्यापासून सुरुवात करून हाताला येतील त्या सगळ्यांना पेढे वाटले. मलाही मिळाला. शून्य ते शंभर 3 सेकंदांच्या आसपास जाणारी गाडी, आणि मी तिच्या शर्यतीतला पेढा खात होते.

लगोलग मागून करडी पोर्शे 911 आली. जरा तिरपी झाली, चढली, उतरली, गेली. कुणी मार्ग दाखवला नाही, टाळी नाही, पेढा तर नाहीच. सलीलला तो पोर्शेचा अपमान वाटला. मला उलट तेव्हाच ठरवता आलं. 1963मध्ये पहिल्यांदा दाखवलेला तो घाट, इंजिन अजून मागच्या चाकांच्याही मागे, आणि रोजच्या रस्त्यावर इतकी निमूट. उद्या लॉटरी लागली तर मी 911 घेईन. पुढच्या सिग्नलपर्यंतच्या पन्नास पावलांत हुराकानने एकदा घसा मोकळा केला, अंगावर काटा आला हे कबूल. लगेच लाल दिवा लागला आणि एक अ‍ॅक्टिवा तिच्या पुढे जाऊन उभी राहिली.

रात्री हे सगळं मावशीकडच्या काकांना सांगितलं. काका सेंट्रल एक्साइजमधून निवृत्त, म्हणजे नोकरीची कितीतरी वर्षं माणिकबागेत काढलेली. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर यांनी 1930च्या सुमारास एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुकाराकडून बांधून घेतलेला तो महाल, पुढे सरकारी कचेरी झाला. काकांना लॅम्बोर्गिनीचं कौतुक सांगणं व्यर्थ. ते कपाटातून डुसेनबर्ग गाडीचा फोटो काढतात. महाराजांची 1935ची एसजे मॉडेल, अमेरिकन सांगाडा, लंडनच्या गर्नी नटिंग कंपनीने चढवलेली बॉडी, केशरी आणि काळा रंग. आठ सिलिंडर, जवळपास 7 लिटर, सुपरचार्जर, 320 अश्वशक्ती. एवढं लांब धूड आणि बसणार दोघंच. पुढे ती देशाबाहेर गेली. "त्याच पोर्चमध्ये मी स्कूटर लावायचो," काका म्हणाले. सलीलने हळूच विचारलं, "पण काका, ती स्पीडब्रेकरवरून गेली असती?" काका म्हणाले, "महाराजांसमोर स्पीडब्रेकर घालणार कोण?"

उज्जैन झालं, गर्दीबद्दल बोलत नाही.

मांडूला निघालो त्या दिवशी काकांनी सलीलच्या हट्टापायी वाट वाकडी करून पिथमपूरला नॅट्रॅक्स या वाहनचाचणी केंद्राच्या गेटपर्यंत वॅगन-आर नेली. इथे 11.3 किलोमीटरचा लंबगोल ट्रॅक आहे, आशियातला सर्वांत लांब म्हणून जून 2021मध्ये प्रकाश जावडेकरांनी उद्घाटन केलेला. वळणंही इतकी कललेली की ताशी 375 किलोमीटरपर्यंतचा वेग धरून आखणी केली आहे. पण तो कंपन्यांच्या चाचण्यांसाठी. आम्ही बाहेरून बघितलं ते कुंपण आणि सुरक्षारक्षक. मला राग आला तो याचा. शहरापासून तासाभरावर असा रस्ता असताना इंदूरची व्ही-10 भुट्टेवाल्याच्या मेहेरबानीवर गल्ली ओलांडते. महिन्यातून एक रविवार तिकीट लावून बघायला तरी सोडा ना लोकांना. काका म्हणाले, सोडलं तर आधी बाहेर पोह्यांचे ठेले लागतील. तेही चालेल.

मग मांडू बघितलं. जहाज महाल छान आहे. फोटो सलीलकडे आहेत, पण त्यातल्या निम्म्यांत पार्किंगमधली एक बीएमडब्ल्यू झेड-4 आहे.