साठावा दिवस

सकाळी पावणेआठला सिटी हॉलच्या आवारात गाडी लावायला जागा मिळेना. बांधकामाचे परवाने देणारं पर्मिट सेंटर आठला उघडतं, पण रांग दारातून बाहेर येऊन सायकल स्टँडपर्यंत पोचली होती. कुणाच्या काखेत गुंडाळलेले नकाशे, कुणाच्या हातात चेकबुक. एक गृहस्थ तर घडीची खुर्ची घेऊनच आले होते. पोर्टलवर सगळं ऑनलाइन होतं असं आम्ही कितीही सांगितलं, तरी पैशाचं काम असलं की माणूस काउंटरवरच येतो. साताऱ्यात काय आणि कॅलिफोर्नियात काय.

मे २०२३ मधली गोष्ट. सॅन फ्रान्सिस्को बेच्या कडेला एक मध्यम आकाराचं शहर आहे, त्याच्या वित्त विभागात मी काम करते. नाव सांगत नाही, नोकरी अजून तिथेच आहे. कौन्सिलने इम्पॅक्ट फीचे नवे दर मंजूर केल्याला त्या दिवशी साठ दिवस पुरे होत होते. राज्याच्या कायद्यानुसार ठरावानंतर साठ दिवस उलटल्याशिवाय वाढीव दर लावता येत नाही. म्हणजे जुन्या दराने पैसे भरून परवाना घ्यायचा हा शेवटचा दिवस. मी एरवी मागच्या खोलीत आकडे जुळवणारी, पण त्या दिवशी फीची आकारणी तपासायला मलाही काउंटरमागे बसवलं होतं. हे नवे दर ज्या अहवालातून आले तो बराचसा माझ्याच हातचा होता, त्यामुळे रांगेकडे बघताना जरा अपराधीच वाटत होतं.

इम्पॅक्ट फी म्हणजे साधं आहे. नवं घर झालं की रस्त्यावर दोन गाड्या वाढतात, बागेत मुलं वाढतात, अग्निशमन केंद्रावर भार वाढतो. त्या वाढीव भाराचा वाटा बांधणाऱ्याकडून एकदाच घ्यायचा. कॅलिफोर्नियात १९७८ साली प्रॉपोझिशन १३ नावाची राज्यघटनेतली दुरुस्ती लोकांनी मतदानाने आणली. मालमत्ता कर किमतीच्या एक टक्क्यावर बांधला गेला, आणि घर विकलं जाईपर्यंत करासाठी धरायची किंमत वर्षाला दोन टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायची नाही असं ठरलं. तेव्हापासून शहरांनी नव्या बांधकामाच्या फीवर जास्तच भिस्त ठेवली. जुने रहिवासी मतदार असतात, आणि नव्या घरात राहायला येणारा माणूस अजून आलेलाच नसतो.

तर आमची फी २०१० साली ठरली होती. मंदी होती, बिल्डर हवालदिल होते, म्हणून कौन्सिलने त्या वर्षापुरती भाववाढ लावायची नाही असं ठरवलं. ते 'त्या वर्षापुरतं' बारा वर्षं चाललं. कुणी तसं ठरवलं नाही. दरवर्षी अंदाजपत्रकाच्या गडबडीत तो विषय अजेंड्यावर आलाच नाही, एवढंच.

मी २०२१च्या शेवटी रुजू झाले. पुढच्या वर्षी एका चौकातल्या सिग्नलचं टेंडर उघडलं, तर सगळ्यात कमी बोलीसुद्धा आमच्या आराखड्यातल्या रकमेच्या जवळजवळ दुप्पट. आधी वाटलं, कंत्राटदारांनी संगनमत केलंय. मग आराखडा उघडून पाहिला. किंमत २०१०ची होती, आणि त्याच किमतीवर बेतलेली फी आम्ही अजून गोळा करत होतो.

बांधकामाच्या भाववाढीसाठी इथली बरीच शहरं 'इंजिनियरिंग न्यूज-रेकॉर्ड' या नियतकालिकाचा निर्देशांक वापरतात. १९१३ साल म्हणजे १००. मी पहिल्यांदा त्याची कृती वाचली तेव्हा हसूच आलं, अगदी आजीच्या वहीतल्या लाडवांच्या प्रमाणासारखी: साध्या मजुराचे २०० तास, २,५०० पौंड पोलाद, १.१२८ टन सिमेंट आणि २,०८८ नव्हे, १,०८८ बोर्ड फूट लाकूड. (हा आकडा मी अहवालाच्या पहिल्या मसुद्यात चुकीचा टाइप केला होता, अजून जिभेवर तोच येतो.) वीस शहरांतले भाव घेऊन या मिश्रणाची सरासरी किंमत काढायची, बस. २०१० साली हा निर्देशांक ८,८०० च्या आसपास होता. २०२२ साली १३,००० च्या. म्हणजे १० हजार डॉलरच्या फीमागे जवळजवळ ४,८०० डॉलर आम्ही मागितलेच नव्हते. ज्यांनी मधल्या काळात बांधून घेतलं त्यांच्याकडे आता मागे जाऊन मागताही येत नाही. तो खड्डा सर्वसाधारण निधीतून भरायचा, नाहीतर सिग्नल लावायचाच नाही. बरीच वर्षं आम्ही दुसरा पर्याय निवडला होता.

शहराच्या वकीलबाईंनी जुना ठराव समोर ठेवला आणि एका शब्दाखाली पेन्सिलने रेघ ओढली. निर्देशांकानुसार दरवर्षी फी वाढवण्याची तरतूद त्यात होती. पण इंग्रजीत तिथे 'शॅल' नव्हतं, 'मे' होतं. वाढ 'होईल' असं नव्हतं, वाढ 'करता येईल' असं होतं. करता येईल, म्हणून कुणी केली नाही. या एका शब्दाची खरी किंमत मला साठाव्या दिवशी दुपारी कळणार होती.

सकाळी मात्र वेळच नव्हता. एक सुतारकाम करणारा मेक्सिकन बापलेक, जुनं घर पाडून दोन घरांचं डुप्लेक्स करणारे. एक फिलिपिनो नर्स, रात्रपाळी करून थेट आलेली. एक छोटा कंत्राटदार तीन वेगवेगळ्या गिऱ्हाइकांचे नकाशे घेऊन. प्रत्येकाच्या तोंडी एकच प्रश्न: आज भरलं तर किती आणि उद्या भरलं तर किती? मी दोन्ही आकडे काढून दाखवत होते. दुसरा आकडा ऐकल्यावर माणसं गप्प होत. बापलेकांतला मुलगा हिशेब करून बापाला स्पॅनिशमध्ये काहीतरी म्हणाला. दोघं हसले. बहुतेक माझ्याबद्दलच असावं.

घडीची खुर्ची आणणाऱ्या गृहस्थांचा नंबर अकराच्या सुमारास लागला. सत्तरीचे. मागच्या अंगणात मुलासाठी छोटं घर बांधायचं होतं. अशा घराला इथे एडीयू म्हणतात. सकाळी साडेसहाला येऊन बसले होते. मी नकाशा पाहिला: क्षेत्रफळ बरोबर ७५० चौरस फूट.

२०२० पासून राज्याचा तेव्हाचा नियम असा होता, की ७५० पेक्षा कमी क्षेत्रफळाच्या एडीयूला इम्पॅक्ट फी लावायचीच नाही. ७५० किंवा जास्त असेल, तर मूळ घराच्या प्रमाणात लावायची. यांच्या आर्किटेक्टने गोल आकडा बरा म्हणून ७५० काढला होता. एक चौरस फूट कमी असता तर नवा दर, जुना दर, साठावा दिवस, कशाचाच संबंध नव्हता. आम्हाला गिऱ्हाइकाला सल्ला द्यायची मुभा नाही. म्हणून मी नियमाचा कागद त्यांच्याकडे फिरवला आणि 'पेक्षा कमी' या शब्दांवर बोट ठेवलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं.

"म्हणजे मी उगाच पहाटे उठलो?"

"शाळेची फी तरी भरावी लागेल," मी म्हटलं.

ती आमच्याकडे नसते, शाळा जिल्ह्याच्या, म्हणजे शाळा चालवणाऱ्या स्वतंत्र संस्थेच्या, ऑफिसात भरतात. तिचं मला कौतुक वाटतं. राज्याचं एक मंडळ दर दोन वर्षांनी, सम वर्षाच्या जानेवारीत, बांधकाम खर्चाच्या निर्देशांकाप्रमाणे तिची कमाल मर्यादा बदलतं. २०२० मध्ये घरांसाठी चौरस फुटाला ४.०८ डॉलर होती, २०२२ मध्ये ४.७९ झाली. सतरा टक्क्यांची उडी, पण त्यासाठी आमच्यासारखी रांग लागल्याचं मी कधी ऐकलं नाही. आमची बारा वर्षांची वाढ एकदम आली, म्हणून ती लोकांना दरोड्यासारखी वाटली. खरं तर दरोडा नव्हता, थकबाकी होती, पण थकवली आम्ही आणि मागत होतो यांच्याकडे. हे वाक्य मी काउंटरवर म्हणू शकत नव्हते.

गृहस्थ खुर्ची मिटून निघून गेले. पुढच्या आठवड्यात ७४८ चौरस फुटांचा नकाशा आला. कपाटाची भिंत आत सरकवली होती.

दुपारी साडेतीनला गर्दी ओसरली. तेव्हा इस्त्रीचा शर्ट घातलेला एक तरुण आला. शहरातल्या सगळ्यात मोठ्या चालू प्रकल्पाचा, दोनशेहून जास्त फ्लॅट्सचा, तो माणूस. मला वाटलं, आता हा मोठा चेक काढणार. त्याला फक्त अग्निशमन खात्याचे शेरे असलेला नकाशा परत न्यायचा होता.

"आज शेवटचा दिवस आहे, माहीत आहे ना?" मी विचारलं.

"आमचा दर दोन वर्षांपूर्वीच ठरलाय," तो म्हणाला. उद्धटपणे नाही, अगदी सहज. आणि कॉफी मशीन कुठे आहे ते विचारलं.

त्याचं बरोबर होतं. घरांची टंचाई कमी व्हावी म्हणून राज्याने २०१९ मध्ये कायदा केला, सिनेट बिल ३३०. प्राथमिक अर्ज पूर्ण दाखल केला की त्या दिवशीचे नियम आणि त्या दिवशीची फी प्रकल्पाला गोठवून मिळते. शहराला मध्येच खेळ बदलता येऊ नये हा हेतू, आणि तो मला पटतो. पण त्या कायद्यात एक अपवाद आहे: फीच्या मूळ ठरावातच एखाद्या स्वतंत्र प्रकाशित निर्देशांकाचा उल्लेख असेल आणि त्यानुसार दरवर्षी वाढ आपोआप होत असेल, तर तेवढी वाढ गोठवलेल्या प्रकल्पालाही लागते. आपोआप. आमच्या ठरावात निर्देशांकाचं नाव होतं, पण वाढ आपोआप नव्हती. 'करता येईल' होती. त्यामुळे दोनशे फ्लॅट २०१०च्या भावाने बागेचे आणि रस्त्याचे पैसे भरणार होते, आणि आज सकाळपासून जो उभा होता तो सगळा एक-दोन घरांवाला. ज्यांच्याकडे वकील होता त्यांना रांगेत यायची गरजच नव्हती.

हे मी अहवालात लिहिलं होतं. तिसऱ्या परिशिष्टात. काउंटरमागे बसून पाहिल्यावर ते पहिल्या पानावर यायला हवं होतं असं वाटलं.

पाचला दार लावलं. शेवटची पावती ४:५२ची, त्या नर्सची. तिच्या नकाशातली एक सही राहिली होती, ती आणायला घरी जाऊन परत आली होती.

रात्री साडेनऊला बाबांना फोन केला. तिकडे सकाळचे दहा वाजले होते, त्यांचा पेपर वाचून झाला होता. बाबा नगरपालिकेच्या बांधकाम विभागातून निवृत्त झाले. माझ्या नोकरीतलं आमच्या घरात फक्त त्यांनाच कळतं. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

"आमच्याकडे ही भानगड नाही," ते म्हणाले. "विकास शुल्क रेडी रेकनरच्या, म्हणजे सरकारी जमीनदराच्या, टक्केवारीत आहे. जमिनीचंही आणि बांधकामाचंही. रेकनर वाढला की शुल्क वाढलं. ठराव नको, अहवाल नको."

"पण बाबा, गटाराच्या पाइपाचा आणि जमिनीच्या भावाचा संबंध काय? पाइप पुण्यात आणि पाटणला सारख्याच किमतीला मिळतो."

"आणि तुमच्या त्या लाडवात जमीन आहे का?"

नव्हती. हा प्रश्न कौन्सिलच्या सभेतही एका सदस्याने विचारला होता. मजूर, पोलाद, सिमेंट, लाकूड, पण जमीन नाही. सिग्नलसाठी चालतं. बागेच्या खर्चात मात्र आमच्याकडे जमीनच सगळ्यात महाग. २०२१ मध्ये लाकडाचे भाव आकाशाला भिडले तेव्हा निर्देशांक वर गेला, पण त्याने बागेची एक इंचही जागा महाग होत नव्हती. म्हणून बागेच्या फीतला जमिनीचा भाग आम्ही वेगळा काढला. त्याचं मूल्यांकन ठरावीक वर्षांनी नव्याने करायचं, निर्देशांक फक्त झोपाळे, पायवाटा आणि नळांना लावायचा. त्या एका तक्त्यावर माझे तीन शनिवार गेले होते.

"म्हणजे तुम्ही बाग सिमेंटच्या भावाने मोजत होता आणि आम्ही पाइप जमिनीच्या भावाने मोजतो," बाबा म्हणाले. "चालायचंच. नव्या ठरावात तो शब्द बदललास ना?"

"बदलला. दर एक जुलैला वाढ होईल. शॅल. आपोआप."

"आपोआप," बाबा म्हणाले. "यंदा एक एप्रिलला सरकारने रेडी रेकनर वाढवलाच नाही, वाचलंस का? आहे तोच ठेवला. आमचंही आपोआपच असतं."

मी काही बोलले नाही. मंजुरीच्या रात्री, अकरा वाजून गेल्यावर, एका सदस्याने व्यासपीठावरूनच एक ओळ घालायला लावली होती, आणि दमलेल्या सगळ्यांनी हात वर केले होते.

"का गं, गप्प का झालीस? हात घालायला जागा ठेवली आहे का कुठे?"

"एक ओळ आहे. 'कौन्सिलने त्या वर्षासाठी अन्यथा ठरवले नसल्यास.'"

पलीकडून आधी कपबशीचा आवाज आला, मग बाबांचं हसू.

"छान," ते म्हणाले. "पुढच्या एक जुलैला फोन कर."