पाळीची वही आणि वाईचं कपाट

माझी पाळी ३३ ते ३५ दिवसांनी येते. शाळेत असल्यापासून तशीच, आणि फारसं दुखत-खुपत नाही म्हणून तिच्याकडे मुद्दाम लक्ष द्यायची वेळच कधी आली नव्हती. मूल हवं असं आम्ही दोघांनी ठरवलं तेव्हा मला चहूबाजूंनी एकच सल्ला मिळाला: पाळी आल्यापासूनचा चौदावा दिवस धर. मावशीने सांगितलं, ऑफिसातल्या मैत्रिणीने सांगितलं, मोबाइलवरच्या अ‍ॅपनेही चौदाव्या दिवसावर गुलाबी गोल काढून दिला. काही महिने असेच गेले. पाळी आपली ठरल्या वेळी येत राहिली.

डॉक्टरबाईंनी पहिल्याच भेटीत कागदावर एक आडवी रेघ ओढली आणि उजवीकडून मोजायला सुरुवात केली. बीज फुटल्यापासून, म्हणजे स्त्रीबीज बीजकोशातून बाहेर पडल्यापासून, पुढची पाळी येईपर्यंतचा काळ बहुतेक बायकांत १२ ते १४ दिवसांचा असतो आणि तो फारसा हलत नाही. लांबतो तो त्याच्या आधीचा, बीज वाढण्याचा काळ. पाळी २८ दिवसांची असेल तर बीज चौदाव्या दिवसाच्या आसपास फुटतं. माझी ३४ ची, म्हणजे माझं विसाव्याच्या आसपास. शुक्रजंतू शरीरात पाच दिवसांपर्यंत तग धरू शकतात, बीज मात्र जेमतेम १२ ते २४ तास. त्यामुळे दिवस राहण्याची शक्यता असते ती बीज फुटण्याआधीच्या पाच दिवसांत आणि त्या एका दिवसात. माझ्यासाठी पंधरा ते वीस. शाळेच्या पुस्तकातली आकृती २८ दिवसांची असते आणि आपण सगळ्या जन्मभर तीच धरून चालतो, याचं मला अजूनही वाईट वाटतं. एक रेघ आणि दोन आकडे, एवढंच तर सांगायचं असतं.

त्याच भेटीत फॉलिक अ‍ॅसिडची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी सुरू झाली, थायरॉईड आणि प्रोलॅक्टिन या संप्रेरकांच्या तपासणीसाठी रक्त दिलं. आणि डॉक्टरांनी नवऱ्याकडे वळून सांगितलं, "तुमची तपासणी याच आठवड्यात करा. ती सगळ्यात सोपी असते आणि सगळ्यात उशिरा होते." मला हे फार पटलं. बाईच्या सोनोग्राफ्या, इंजेक्शनं सगळं होऊन जातं आणि मग कुणाला तरी आठवतं की पुरुषाचा रिपोर्ट बघायचा राहिलाच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या निकषानुसार दर मिलिलिटरला १ कोटी ६० लाख ही शुक्रजंतूंच्या संख्येची खालची मर्यादा धरतात. त्याचा रिपोर्ट चांगला आला. नसता आला तरी ते लवकर कळणंच बरं होतं.

मग वही सुरू झाली. अ‍ॅप मी काढून टाकलं नाही, पण भरवसा वहीवर ठेवला.

सकाळी जाग आली की अंथरुणातून न उठता, कुणाशी न बोलता, थर्मामीटर जिभेखाली. साधा तापाचा चालत नाही, पॉइंटनंतर दोन आकडे दाखवणारा लागतो. पाळीनंतर माझं तापमान ३६.३५ ते ३६.४५ सेल्सिअसच्या दरम्यान असायचं. बीज फुटल्यावर प्रोजेस्टेरॉन नावाचं संप्रेरक वाढतं आणि तापमान पाव-अर्धा अंश वर जाऊन तिथेच राहतं. सलग तीन दिवस आधीच्या सहा दिवसांपेक्षा वरचा आकडा आला की समजायचं, बीज फुटून गेलं. अडचण एवढीच की हे नंतर कळतं. त्या महिन्यात करायचं ते करून झालेलं असावं लागतं. पण दोन-तीन महिन्यांच्या नोंदी समोर ठेवल्या की आपली स्वतःची चाल दिसते, आणि ती कुठल्याही अ‍ॅपपेक्षा खरी असते.

आधी कळण्यासाठी दोन खुणा. एक, अंगावरून जाणारा स्राव. सुरुवातीला काहीच नसतं, मग दह्यासारखा घट्टसर पांढरा, आणि बीज फुटायच्या आधीचे दोन-तीन दिवस अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा पारदर्शक, दोन बोटांत धरला तर तुटत नाही, ताणला जातो. 'अंगावरून पांढरं जातंय' म्हणजे अशक्तपणा, असंच आमच्या घरी मानतात. आईला मी हे समजावून सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "अगं, मग मी उगाच इतकी वर्षं टॉनिक घेतली." (खाज, दुर्गंधी किंवा हिरवट रंग असेल तर ती गोष्ट वेगळी, तेव्हा डॉक्टरकडेच जायचं.)

दुसरी खूण म्हणजे केमिस्टकडे मिळणाऱ्या पट्ट्या. बीज फुटायच्या २४ ते ३६ तास आधी एलएच नावाचं संप्रेरक एकदम उसळतं, ते लघवीत दिसतं. प्रेग्नन्सीच्या पट्टीत दुसरी रेघ पुसट आली तरी ती होकारच. इथे तसं नाही. एक पुसट रेघ जवळजवळ रोजच असते. ती कंट्रोलच्या, म्हणजे पट्टीवर कायम उमटणाऱ्या रेघेइतकी किंवा तिच्याहून गडद झाली तरच धरायची. आणि सकाळच्या पहिल्या लघवीपेक्षा दुपारची बरी, कारण एलएच बहुधा पहाटे रक्तात वाढतं आणि लघवीत उतरायला काही तास घेतं. आधी दोन तास पाणी कमी प्यायचं, नाहीतर सगळंच पातळ होतं. मी ऑफिसात लंच टाइमला करायचे. पट्टी बेसिनच्या कडेवर ठेवून पाच मिनिटं उभं राहायचं, ट्यूबलाइटखाली तिरकी धरून पाहायची, पेनाने मागे तारीख टाकून रिकाम्या चष्म्याच्या डबीत ठेवायची. घरी येऊन सगळ्या पट्ट्या ओळीने लावल्या की रेघ दिवसागणिक गडद होत गेलेली स्पष्ट दिसायची. ज्यांना पीसीओएस, म्हणजे संप्रेरकांच्या बिघाडातून होणारा बीजकोशांचा त्रास आहे त्यांचं एलएच एरवीही जास्त असू शकतं, त्यामुळे पट्टी त्यांना चकवते. माझ्या चुलत नणंदेला हाच अनुभव आला होता.

याच दिवसांत, दिवाळीनंतर, वाईच्या घराची डागडुजी निघाली आणि तिथलं सामान वाटलं गेलं. आमच्या वाट्याला आजेसासूबाईंचं सागवानी कपाट आलं, जुन्या पॉलिशचं, आणि हिरव्या ऑइलपेंटची एक लाकडी पेटी. दोन्ही आपणच रंगवायची असं मी ठरवलं. बीज फुटल्यानंतर पाळीची वाट पाहायचे जे दोन आठवडे असतात त्यात हाताला काहीतरी काम हवंच होतं.

पण सामान आणायच्या आधी डॉक्टरांना फोन केला, आणि बरं झालं केला. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. जुन्या ऑइलपेंटला पॉलिश पेपर लावायचा नाही, कारण जुन्या रंगांत शिसं असायचं. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भागांच्या) वर नसावं हा नियम आपल्याकडे २०१६ साली आला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगाची धूळ शिशाची असेल असंच धरून चालायचं. शिसं हाडांत साठून राहतं आणि गरोदरपणात तिथून रक्तात उतरून बाळापर्यंत पोहोचतं. आणि ही काळजी नवऱ्यानेही घ्यायची, कारण शुक्रजंतू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात, त्या काळात तो जे हुंगतो त्याचाही परिणाम होतो. दुसरी गोष्ट, थिनर आणि टर्पेंटाइन घरात नको.

पेटी तशीच राहू दिली. रंगाचे पोपडे सुटलेले नव्हते, ओल्या फडक्याने पुसली आणि वर सतरंजी टाकली. सासूबाई म्हणाल्या, "अगं, घासून काढली असती तर मूळ लाकूड दिसलं असतं." मी म्हटलं, "आई, तुम्ही म्हणता ते खरं आहे, पण तिला आत्ता हात लावायचा नाही." त्यांनी परत विषय काढला नाही.

कपाटाचं काम मात्र मनासारखं केलं. बोहरी आळीतल्या रंगाच्या दुकानात मी चिंतामणी रंगाचा ब्लाउजपीस घेऊन गेले होते, हाच रंग हवा म्हणून. दुकानदारकाकांनी मशीनवर तो बरोब्बर जुळवून दिला, वॉटर बेस इनॅमलमध्ये. डबा पुढे सरकवत म्हणाले, "ताई, सागवानावर सरळ मारू नका. लाकडाचा रंग वर येतो, पिवळे डाग पडतात. आधी चपड्याचा, म्हणजे लाखेच्या पॉलिशचा, एक हात द्या." त्यांचं म्हणणं आम्ही एका फळीवर करून पाहिलं. फळीच्या अर्ध्या भागावर नुसता पांढरा वॉटर बेस प्रायमर, अर्ध्यावर चपडा आणि मग प्रायमर. सकाळी पहिल्या अर्ध्यावर चहा सांडून वाळल्यासारखे तपकिरी ढग उमटले होते. दुसरा अर्धा स्वच्छ.

कामाची वाटणी आम्ही पाळीच्या वहीकडे बघून केली. धुळीचं आणि वासाचं काम पाळी आल्यापासूनच्या पहिल्या आठवड्यात, आणि तेही नवऱ्याने, बाल्कनीत, मास्क लावून. मुठी, कड्या, बिजागऱ्या काढून एका डब्यात. १२० नंबरचा पेपर, मग २२०, लाकडाच्या रेषेच्या दिशेने. आडवा फिरवला तर ओरखडे रंगाखालूनही दिसतात. ओल्या फडक्याने धूळ टिपायची, भेगांत लांबी (पुट्टी) भरायची, ती वाळली की परत पेपर. स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपड्याचा हात त्यानेच दिला. त्या दिवशी मी घरातच थांबले नाही.

पुढचे पाण्यातले रंग माझे, तेही खिडक्या सताड उघड्या ठेवून. प्रायमरचा एक हात, त्यावर ३२० चा पेपर हलकाच, मग रंगाचे दोन हात, मध्ये पुरेसा वेळ सोडून. ब्रशवर रंग थोडाच घ्यायचा, एकदा ओढला की परत मागे जायचं नाही, नाहीतर ब्रशच्या केसांच्या रेघा राहतात. दाराच्या नक्षीच्या खाचांत रंग साचतो, तिथे कोरडा ब्रश फिरवून तो टिपून घ्यावा लागतो. एका दाराला माझी आख्खी दुपार जायची, आणि त्या दुपारी डोक्यात दुसरा विचार येत नसे. हाताला कोरडा लागला तरी हा रंग आतून पक्का व्हायला दोन-तीन आठवडे घेतो. तोवर फळ्यांवर काही ठेवायचं नाही, ठेवलं तर चिकटतं आणि उचलताना रंग घेऊन येतं.

मधल्या काळात डॉक्टरांनी फॉलिक्युलर स्टडी करायला सांगितली, म्हणजे बीज ज्या पिशवीत वाढतं तिचं माप सोनोग्राफीवर दर दोन-तीन दिवसांनी घ्यायचं. 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही' या पाटीखालच्या बाकावर बसून नंबराची वाट पाहायची, लघवी करून आत जायचं, आतून सोनोग्राफी, पाच मिनिटांत बाहेर. तेराव्या दिवशी उजव्या बाजूला १२ मिलिमीटरची बीजाची पिशवी, पंधराव्याला १५, अठराव्याला २०, गर्भाशयाचं अस्तर ९ मिलिमीटर. एकोणिसाव्याला दुपारी पट्टीची रेघ गडद. एकविसाव्याला सोनोग्राफीत बीज फुटलेलं, मागे थोडं पाणी. वही आणि मशीन एकच बोलत होती, याचा मला मनापासून आनंद झाला. प्रोजेस्टेरॉनची रक्ततपासणी सगळीकडे 'एकविसाव्या दिवशी' म्हणून सांगतात. खरं तर ती बीज फुटल्यानंतर सात दिवसांनी करायची असते. माझी सत्ताविसाव्या दिवशी झाली. एकविसाव्याला केली असती तर आकडा कमी येऊन उगाच घाबरायला झालं असतं.

ठरवून जवळ येण्याचा ताण येतो, हे लपवण्यात अर्थ नाही. आम्ही एवढंच केलं की त्या सहा दिवसांत एक दिवसाआड, आणि पट्टीबद्दल मी त्याला आपणहून सांगायचं नाही, त्याने विचारलं तर सांगायचं. आमच्यापुरतं ते जमलं.

ज्या महिन्यात कपाटाच्या मुठी परत बसल्या त्या महिन्यात तापमान खाली आलं नाही. पस्तिसावा दिवस गेला, छत्तिसावा गेला. पट्टी केली. दोन रेघा.

पहिल्या सोनोग्राफीला शेवटच्या पाळीपासून सात आठवडे झाले होते. गर्भलिंग जाणून घ्यायचं नाही अशा फॉर्मवर सही करून मी आत गेले. सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांनी माप घेतलं, परत घेतलं आणि म्हणाल्या, "वाढ सहा आठवडे एक दिवसाची दिसतेय. तारीख नक्की आहे ना?" सात आठवड्यांच्या हिशेबाने बाळ सहा दिवस मागे होतं, आणि अशा वेळी पोटात गोळा येतो. मी पिशवीतून वही काढली. बीज एकविसाव्या दिवसापर्यंत फुटलं, चौदाव्याला नाही, हे तारखेसकट त्यात होतं. गरोदरपणाचे आठवडे मोजताना बीज चौदाव्या दिवशी फुटलं असं धरलेलं असतं, त्यामुळे माझ्यासारखीचा हिशेब तेवढ्याच दिवसांनी पुढे पळतो. त्यांनी ते पान नीट वाचलं, मान डोलावली, प्रसूतीची तारीख खोडून सहा दिवस पुढची लिहिली आणि दहा दिवसांनी परत दाखवायला सांगितलं.